नागपूरचा पहिला हिवाळा : नव्याने राहायला आलेल्यांसाठी

खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी धरली आणि तेल खाली आलं नाही, की आमच्या घरात हिवाळा लागला म्हणायचं. दिवाळीनंतर आठ-पंधरा दिवसांत हे होतंच. आमच्या प्रतापनगरातल्या घराचा वरचा मजला गेली अठरा वर्षं भाड्याने जातो. मिहानमध्ये नोकरीला लागलेली मुलं, मेडिकलला शिकायला आलेल्या मुली, बदली होऊन आलेली कुटुंबं, कितीतरी जण राहून गेले. जून-जुलैत सामान उतरवताना प्रत्येक जण कूलरचं विचारतो. रजईचं आजवर एकानेही विचारलेलं नाही. मुंबई-कोकणातून आलेल्यांना तर पटतच नाही, की मे महिन्यात ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या गावात डिसेंबरला दात वाजतील.

वाजतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. एवढा गारठा दरवर्षी नसतो. डिसेंबर-जानेवारीतली साधी रात्र १२-१३ अंशांच्या आसपास असते. उत्तरेचे वारे सुटले की पारा ७-८ पर्यंत उतरतो. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश मोकळं. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन सूर्य कलला की भराभर निवते. ढग आले की रात्र थोडी उबदार जाते, आणि ढग पांगले की लगेच गारठा वाढतो. म्हणून अवकाळी पावसानंतर आकाश निरभ्र झालेलं दिसलं, की त्या रात्रीसाठी जास्तीचं पांघरूण काढून ठेवायचं.

पण मला खरी भीती वाटते ती या थंडीची नाही. थंडी घालवायला आपण बंद दाराआड जे पेटवतो, त्याची वाटते. वरच्या मजल्यावर नवीन कुणी आलं की मी जे जे सांगते, ते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

दिवाळी झाली की आधी कूलर

नागपूरचं घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं असतं. फरशी गार राहावी, हवा खेळावी, खिडकीत कूलर बसावा. तोच कूलर हिवाळ्यात खिडकीत राहिला, तर त्याच्या ताट्यांतून रात्रभर गार वारा थेट अंथरुणावर येतो. काही मुलं महिनाभर कुडकुडत होती आणि वारा येतोय कुठून, तेच त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

टाकीतलं पाणी पूर्ण काढा. तळ आणि कडा ब्रशने खरवडून घासा, कारण डेंग्यूच्या डासांची अंडी कडेला चिकटून असतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने टिकतात. ताट्यांमधलं जुनं वुडवूल फेकून द्या, पंप पुसून कोरडा ठेवा. कूलर काढता येत असेल तर उत्तमच. नसेल तर बाहेरून ताडपत्री बांधा आणि आतून जाड पुठ्ठा लावा.

मात्र खोलीची प्रत्येक फट बुजवू नका. एखादा झरोका किंवा खिडकीचं एक दार बोटभर तरी उघडं राहू द्या. का, ते पुढे येईलच.

फरशीवर गादी टाकून झोपणाऱ्यांना थंडी खालून लागते. वर तीन ब्लँकेटं घेण्यापेक्षा गादीखाली सतरंजी आणि चटई घाला, फरक त्याच रात्री कळेल. जुनी रजई दडपून गेली असेल तर गादीवाल्याकडून कापूस पिंजून भरून घ्या. कापसाच्या मुलखात राहायला आला आहात, भरलेली रजई इथे सहज मिळते. स्वेटरसाठी मी तरी तिबेटी विक्रेत्यांकडे जाते. दर हिवाळ्यात ते शहरात दुकानं लावतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे विदर्भाला ती माणसं परकी नाहीत.

दुपार फसवते

सकाळी दहाला निघताना छान ऊन असतं, दुपारी २८ अंश. स्वेटर खुंटीवरच राहतो. मग रात्री साडेनऊला मिहानवरून किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून दुचाकीवर परत येताना वर्धा रोडचा, हिंगणा रोडचा वारा छातीत बसतो. नवख्या माणसाचा पहिला खोकला बहुतेक वेळा या परतीच्या वाटेवरचा असतो, असा माझा अनुभव आहे.

डिकीत कायम एक विंडचीटर ठेवा. नुसत्या लोकरीतून वारा आत शिरतो. लोकर आत आणि वारा अडवणारं काहीतरी वर, असं घाला. हातमोजे घालायला लाजू नका. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. पहाटे शहराबाहेर जायचं असेल तर धुक्यात हेडलाइट खाली वळवून चालवा, वरच्या झोतात समोर पांढरी भिंतच दिसते. आणि पेंच किंवा ताडोब्याला सकाळच्या सफारीला निघालात तर कानटोपी, मफलर, मोजे सगळं घ्या. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा कसा झोंबतो, ते एकदा गेल्यावर कुणी विसरत नाही.

पाणी तापवणं

हा भाग घाईत वाचू नका.

काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर कोकणातल्या दोन मुली राहायच्या. बाथरूम जेमतेम चार बाय सहा फुटांचं, गॅसचा गिझर आतच. वरच्या झरोक्यातून गार हवा येते म्हणून त्यांनी त्यात वर्तमानपत्र कोंबलं होतं. जानेवारीतली सकाळ. एक आत आंघोळीला गेली, पाण्याचा आवाज चालू राहिला, पण मैत्रिणीच्या हाकेला ओ येईना. मुलगी ओरडत खाली आली, माझ्या मिस्टरांनी दार तोडलं. ती फरशीवर पडली होती. गॅलरीत मोकळ्या हवेत आणून निजवल्यावर थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तिसऱ्या दिवशी घरी आली. तो गिझर बाथरूमच्या आत आम्हीच बसवला होता. तिची आई आली तेव्हा मला तिच्या नजरेला नजर देता येत नव्हती. त्याच आठवड्यात गिझर काढून बाहेर गॅलरीत लावला.

होतं काय, तर बंद जागेत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण त्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू काहीच कळू देत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय गळून जातात. आपल्याला काहीतरी होतंय हे कळेपर्यंत कडीपर्यंत हात उचलायची ताकद उरलेली नसते.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा बाथरूममध्ये शिरून वर बघा. गॅस गिझर आत असेल तर तो बाहेर बसवून द्या असं घरमालकाला स्पष्ट सांगा, संकोच करू नका. मी स्वतः घरमालकीण आहे, पाइप वाढवून गिझर गॅलरीत नेणं काही फार मोठं काम नाही. ते होईपर्यंत असं करा : दार आणि झरोका उघडा ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दोन-चार मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जाऊन आंघोळ करा. गिझर चालू ठेवून शॉवरखाली उभं राहायचं नाही. घरात चार माणसं असतील तर एकामागून एक लगेच आत जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की वापर थांबवून मेकॅनिक बोलवा. एकटे राहत असाल तर शेजारच्या खोलीत सांगून जा.

आत कुणी पडलं आहे अशी शंका आली तर दार उघडून आधी गिझर बंद करा, त्या माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. आणि घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर गोळी शोधत बसू नका, सगळे बाहेर या.

आता रॉड. बहुतेक विद्यार्थ्यांचा हिवाळा याच्यावरच निघतो. आयएसआय खूण बघूनच घ्या. बादली प्लॅस्टिकची हवी, लोखंडाची किंवा स्टीलची अजिबात नको. त्यातही रॉड बादलीच्या कडेला टेकला तर प्लॅस्टिक वितळतं, म्हणून तो मधोमध अडकवा. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी आधी भरायचं, रॉड सोडायचा, मग बटण दाबायचं. काढताना उलट : बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का ते बघायला चालू रॉडच्या बादलीत बोट घालणं ही सगळ्यात जीवघेणी सवय आहे. पायात रबरी चप्पल असू द्या. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. मोबाइल चार्जिंगचा साधा बोर्ड तेवढ्यासाठी नसतो, तो काळा पडतो, वितळतो. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट कुठे आहे ते घरमालकाला विचारा आणि त्याला अर्थिंग आहे का हेही विचारा.

विजेचा गिझर असेल तर एवढंच, की बटण बंद करूनच आंघोळीला जा. आणि लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

सिगडी आणि शेकोटी

गिझरचं जे, तेच कोळशाच्या सिगडीचं. ज्वाळा नाहीत, धूर नाही, लालसर निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर. दिसायला सगळं शांत, म्हणून माणूस ती सिगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतो. निखारेच तो वायू सोडत असतात. इमारतींचे चौकीदार, बांधकामावर राहणारी मजूर कुटुंबं, यांच्यासाठी हे फार सांगावंसं वाटतं. तुमच्या सोसायटीचा चौकीदार पत्र्याच्या केबिनमध्ये सिगडी घेऊन बसत असेल, तर त्याला एक जाड ब्लँकेट आणून द्या आणि सिगडी बाहेर ठेवायला सांगा.

आपल्याकडे बाळंतिणीला निखाऱ्यांचा शेक देतात, धुरी देतात. त्यामागची माया मला कळते, मीही तो शेक घेतला आहे. पण थंडीच्या दिवसांत दारं-खिडक्या लावून, पांघरुणं सोडून तो दिला जातो आणि त्याच खोलीत पंधरा दिवसांचं बाळ असतं. घरातल्या आजींचा शब्द मोडवत नसेल तर शेक दुपारी, उन्हात, दार उघडं ठेवून द्या, आणि बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत न्या. बाळाला खरी ऊब आईच्या छातीशी मिळते. डोक्यावर टोपडं, पायात मोजे आणि आईचं अंग पुरेसं आहे. पांघरूण बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नका.

अंगणातल्या शेकोटीला माझी ना नाही. शेजारी एरवी भेटत नाहीत ते तिथे भेटतात. तिच्यात टायर, प्लॅस्टिक टाकू नका, ओढणी-पदर सांभाळा, उठताना पाणी ओतून विझवा.

विजेचा हीटर वापरत असाल तर पडदा आणि रजई त्याच्यापासून निदान तीन फूट लांब हवी. त्याच्यावर ओले कपडे वाळवू नका. झोपण्याआधी बंद करा.

सिकलसेल असेल तर

थंडीवरच्या लेखांत हे सहसा येत नाही, पण नागपुरात आलंच पाहिजे. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून शिकायला आलेल्या मुलामुलींपैकी कुणाला हा आजार असू शकतो, आणि हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीलाही त्याचा पत्ता नसतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं. दोन्ही मिळून असह्य वेदना सुरू होतात, हातापायांत, पाठीत, पोटात.

त्यामुळे गार पाण्याची आंघोळ नको, ओले कपडे अंगावर नकोत, अभ्यासाला बसताना पायात मोजे हवेत. पाण्याची बाटली डोळ्यांसमोर ठेवून दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुट्टीत गावी जातानाही सोबत न्या. दुखण्याबरोबर ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. आणि आपल्या आजाराबद्दल खोलीतल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

दवाखान्यांची नावंही माहीत असू द्या. ऑटोवाल्याला 'मेडिकल' म्हटलं की तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेतो, 'मेयो' म्हटलं की इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. एम्स मिहानकडे आहे. यातलं तुम्हाला जवळचं कोणतं, ते आजच बघून ठेवा.

आईवडील राहायला आले की

डिसेंबरात अनेकांचे आईवडील येतात. थंडीत रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यात जास्त येतात. गावाकडे पहाटे पाचला उठून फिरायची सवय असते, आणि अंबाझरीला, सेमिनरी हिल्सला तेव्हा माणसंही दिसतात. पण त्या वेळी थंड हवा खाली बसलेली असते, धूर आणि धूळ तिच्यातच अडकून राहते. दमा, हृदयविकार असलेल्यांनी उन्हं वर आल्यावर, आठच्या सुमारास निघावं. अंथरुणातून उठताना दोन मिनिटं बसून मग पाय खाली सोडावेत. छातीत दाब, थंडीतही दरदरून घाम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं की थेट १०८.

सर्दी-खोकल्याला मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. साध्या सर्दीवर त्याचा काही उपयोग होत नाही. फ्लूची लस ज्येष्ठांसाठी डॉक्टरांना विचारून घेता येते.

टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात, कारण इथली हवा कोरडी. त्या कोकणातल्या मुलीची आई येताना भिरंडेल घेऊन आली होती, आमसुलाच्या बियांचं घट्ट तेल. तेव्हापासून मी टाचांना तेच लावते.

खायला मात्र हाच ऋतू

तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या की सोल्यांची भाजी, सोलेभात. विस्तवावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, सोबत ज्वारीची भाकर. जवसाची चटणी, डिंकाचे लाडू, उकडलेले शिंगाडे, मित्राच्या शेतावरचा हुरडा. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहिलात की थंडीची तक्रार विसराल. संत्र्याने सर्दी होते असं बरेच जण सांगतील. सर्दी विषाणूंमुळे होते. अंबिया बहाराची संत्री याच दिवसांत येतात, दुपारी गच्चीवर उन्हात बसून खा.

जानेवारी : मांजा

संक्रांतीला नागपूरचं आकाश पतंगांनी भरून जातं, आणि रस्त्यावर नायलॉन मांजा लोंबत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. दर हिवाळ्यात दुचाकीवाल्यांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतात. तो तुटत नाही आणि वेगात दिसतही नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळल्याशिवाय दुचाकी काढू नका. हेल्मेटची काच खाली असू द्या. हँडलला उभी सळई लावून मिळते, ती लावा. लहान मुलाला स्कूटीवर पुढे उभं करू नका. उड्डाणपूल टाळा, खालचा रस्ता बरा. समोर मांजा दिसला तर हाताने धरू नका, गाडी हळू करत थांबा. गळ्याला कापलंच तर स्वच्छ कापड दाबून धरा, ते काढून काढून बघू नका, आणि लगेच दवाखाना गाठा. घरच्या मुलांना साधा सुती दोरा आणून द्या. गच्चीला कठडा नसेल तर तिथे पतंग नाही, आणि विजेच्या तारेत अडकलेला पतंग काढायला काठी घेऊन कुणी जायचं नाही.

फेब्रुवारी

महिन्याच्या शेवटाला दुपारचं ऊन चावायला लागतं, पण पहाटे अजून गारवा असतो, म्हणून सगळं एकदम गुंडाळू नका. रजया दोन दिवस कडक उन्हात टाका, लोकरीचे कपडे धुऊन पूर्ण वाळवा आणि पेटीत ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. गॅस गिझरची साफसफाई याच दिवसांत करून घ्या, मेकॅनिकला तेव्हा वेळ असतो. कूलरवरची ताडपत्री होळीपर्यंत राहू द्या.